एकोडीच्या विमानाचं तोंड

विमान जमिनीपासून बारा फुटांवर पट्ट्याला लटकत होतं. हायड्राच्या ऑपरेटरने केबिनमधून डोकं बाहेर काढलं आणि मला विचारलं, "मॅडम, तोंड कोणीकडं करू?"

हायड्रा म्हणजे रस्त्यावरून बैलगाडीच्या वेगाने जाणारी ती पिवळी क्रेन. तासावर मिळते. म्हणून तिचा ऑपरेटर प्रश्न फार वेळ थांबवून ठेवत नाही.

मी हातातल्या ड्रॉइंगकडे पाहिलं. ड्रॉइंग माझंच होतं. विमानाची लांबी त्यात होती, पंखांची रुंदी होती, खांबाची उंची होती, विमानाखालच्या बेसप्लेटची जाडी होती. विमान कोणत्या दिशेला तोंड करून उभं राहील, ते नव्हतं. उत्तर दिशा दाखवणारा बाणच मी काढला नव्हता.

मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर आंधळगावला. आमच्या घरात दहावीनंतर शिकलेलं माझ्याआधी कोणी नाही, त्यामुळे इंटर्नशिप म्हणजे काय हे घरी सांगायला मला बराच वेळ लागला. बाबांनी शेवटी "म्हणजे काम शिकाचं, पगार नाही" असा त्याचा अर्थ लावला, आणि तो बरोबर होता. मे महिन्यात साकोलीच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मला ती मिळाली. फॅब्रिकेशन म्हणजे लोखंड कापायचं, वाकवायचं, जोडायचं. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरची ट्रॉली, गोठ्याचं शेड. मालक हेमराजभाऊ. पहिल्या दिवशी त्यांनी मला "मॅडम" म्हटलं, त्यात थोडी थट्टा होती. मग कामगारही म्हणायला लागले आणि थट्टा गळून नुसतं मॅडम राहिलं.

विमानाची ऑर्डर एकोडीची होती. एकोडी साकोलीच्या उत्तरेला, धानाच्या बांध्यांमधलं गाव. तिथल्या कौसल्याबाई आमच्या भागातल्या पहिल्या महिला वैमानिक. गावात त्यांच्या नावाची एक पाटीसुद्धा नव्हती. गावचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे फक्त गुरुजी म्हणतात, शाळेत दर वर्षी मुलींना त्यांची गोष्ट सांगायचे. निवृत्त झाल्यावर सांगायला शाळा उरली नाही. म्हणून त्यांनी ग्रामसभेत विषय काढला, चौकात विमान उभं करू. समिती झाली. कौसल्याबाई ऐंशीच्या पुढे आहेत आणि नागपूरला भाचीकडे राहतात. रविवारी त्या स्वतः येणार होत्या.

मी याच जिल्ह्यात वाढले. तरी ही ऑर्डर येईपर्यंत मी त्यांचं नाव ऐकलं नव्हतं. याची मला लाज वाटली, आणि बहुतेक म्हणूनच मी हेमराजभाऊंना म्हणाले, "भाऊ, याचं ड्रॉइंग मी करू?"

"कर ना. बिघडलं त लोखंड कोठी पळून नाही जात."

माझं नाव खाली असलेलं ते पहिलं ड्रॉइंग. समितीने इंटरनेटवरून चार इंजिनांच्या प्रवासी विमानाचा फोटो पाठवला होता. मी गुरुजींकडून नंबर घेऊन कौसल्याबाईंना फोन केला. आधी कागदावर वाक्य लिहून ठेवलं होतं, तरी अडखळले. त्या म्हणाल्या, "चार इंजिनं? माझ्याकडे एकच होतं, तेही खोकायचं." मग त्यांनी नीट सांगितलं. छोटं विमान, एक पंखा, मागे लहान चाक. मी तसं केलं. आठ फूट लांब. समितीतले एक जण पाहून म्हणाले, "एवढंसं?" पण गुरुजींनी ते पास केलं.

आणि गुरुवारी सकाळी ते चौकात लटकत होतं.

"कोणीकडं म्हणजे?" गुरुजी म्हणाले. "समोर."

"समोर कोणीकडं?" ऑपरेटरने विचारलं.

चौक असा आहे. दक्षिणेला साकोलीचा रस्ता. पश्चिमेला मारुतीचं देऊळ. पूर्वेला माजी सरपंच नीळकंठभाऊंचं घर. ग्रामपंचायतीचं ऑफिस नैऋत्येच्या कोपऱ्यात. हे मी तेव्हा लिहून घेतलं. लिहून घ्यायला उशीर झाला होता.

"साकोलीच्या रोडकडं करा," कोणीतरी म्हणालं. "येणाऱ्याले तोंड दिसन."

"दक्षिणेले?" देवळाच्या पायरीवरून एक म्हातारी ओरडली. "जित्या बाईचं इमान यमाकडं तोंड करून ठेवता? लाज नाही वाटत?"

दक्षिण गेली.

"मंग उत्तरेले करा."

"म्हणजे गावात येणाऱ्या पाहुण्यानं पहिले शेपूट पाहाव?"

उत्तर गेली. पूर्वेला तोंड केलं तर शेपूट देवळाकडे येत होतं. त्यावर मागून एक जण म्हणाला, "मारुतीले शेपटीचं काय वाईट वाटन गा?" दोघं हसले, आणि म्हातारीने पाहिल्यावर थांबले. राहिली पश्चिम. पश्चिमेला तोंड म्हणजे शेपूट थेट नीळकंठभाऊंच्या दारावर.

नीळकंठभाऊ तोपर्यंत शांत उभे होते. खांद्यावर दुपट्टा, हातात मोबाइल. "करा ना," ते म्हणाले. "करा. अकरा वर्षं गावाची सेवा केली म्या. आता रोज सकाळी उठून शेपूट पाह्यतो."

मी हळूच म्हणाले, "तिरपं केलं तर? ईशान्येला? ती दिशा शुभ असते ना?"

सगळ्यांनी ईशान्येकडे पाहिलं. मग उलट्या बाजूला पाहिलं. तिथे ग्रामपंचायतीच्या दारात कारकून उभा होता. तो म्हणाला, "आमच्यावर? सरपंचबाईले विचारा आधी."

शिवाय तिरपं होणारही नव्हतं. बेसप्लेट ही खांबाच्या डोक्यावरची चौकोनी जाड लोखंडी प्लेट. तिला चार कोपऱ्यांत चार भोकं, त्यात चार बोल्ट. म्हणजे विमान चारच दिशांना बसू शकत होतं, आणि चारही नापास झाल्या होत्या.

ऑपरेटर म्हणाला, "लाखनीले साइट हाय मह्यी. ठेवतो का नेतो?"

आम्ही ते परत ट्रॉलीवर घेतलं. समितीतल्या एका तरुण सभासदाने तिथेच सुचवलं, "गुरुजी, वाद कायले? मोठी अक्षरं बसवू. आय लव्ह एकोडी. सेल्फी पॉइंट. त्याले शेपूटच नाही." बऱ्याच माना हलल्या. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

ठरलं असं. शुक्रवारी दुपारपर्यंत दिशा ठरली तर विमान. नाहीतर अक्षरं.

परत येताना मी हेमराजभाऊंना विचारलं, "अक्षरं झाली तर विमानाचं काय?"

"कापू. पाइप कामी येते."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"मले काहून? अक्षरं बी आपल्याच वर्कशॉपातून जातीन." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाण काढाले शिकवत नाही का तुमच्या कॉलेजात?"

शिकवतात. तेच वाईट होतं.

संध्याकाळी मी कौसल्याबाईंना फोन केला. कार्यक्रम कदाचित बदलेल हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं आणि चूक माझी होती. मी सगळं क्रमाने सांगितलं. दक्षिण, उत्तर, देऊळ, नीळकंठभाऊ.

मग त्या म्हणाल्या, "विमान कोणाकडे तोंड करून उभं करत नाहीत, बाळा. वाऱ्याकडे करतात."

"म्हणजे?"

"उडताना, उतरताना विमानाचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं. आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. धावपट्टीच्या कडेला काठीवर कापडी पिशवी असायची, तिच्याकडे पाहायचं. वारा फिरला की आपण फिरायचं. वाऱ्याने कोणाचं घर कुठे आहे ते विचारलेलं मला आठवत नाही."

त्या दिवशी त्या जरा जास्त बोलल्या. त्यांचे वडील जंगल खात्यात गार्ड होते. कॉलेजसाठी त्यांना नागपूरला मामाकडे ठेवलं. तिथे एका क्लबात विमान शिकवत असत. त्या सायकलने जायच्या, आणि मामांना वाटायचं भाची टायपिंगच्या क्लासला जाते. एक दिवस मामांनी एक पत्र टाइप करायला दिलं तेव्हा सगळं बाहेर आलं. पुढे लायसन्स मिळालं, पण प्रवासी विमानावर त्यांना कोणी घेतलं नाही. कापसावर औषध फवारणाऱ्या विमानावर घेतलं. तिथे पीक जवळ असतं, विजेच्या तारा त्याहून जवळ असतात आणि नोकरीसाठी रांग नसते. पहिल्यांदा त्या एका शेताजवळ उतरल्या तेव्हा पाटलाने विचारलं, "पायलट कुठं हाय?" त्या म्हणाल्या, "मागे राहिला. पायी येतोय." पाटील खरंच वाट पाहत उभा राहिला.

नंतर बरीच वर्षं त्यांनी दुसऱ्यांना उडायला शिकवलं. त्यांचे काही विद्यार्थी आज मोठी विमानं चालवतात. त्या स्वतः मोठ्या विमानात दोनदाच बसल्या, दोन्ही वेळा खिडकीची सीट मागून.

सकाळी मी हेमराजभाऊंना म्हणाले, "भाऊ, विमान फिरतं केलं तर? वाऱ्याकडे आपोआप तोंड करेल असं?"

त्यांनी कटर बंद केलं. "फिरतं?"

"मग ते कोणाकडेच कायमचं नसेल."

ते थोडा वेळ विमानाकडे पाहत राहिले. मग भंगारातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जुना हब ओढून आणला. हब म्हणजे चाकाच्या मधला भाग. त्यात बेअरिंग असतं, म्हणजे गोळ्यांची कडी, ज्यामुळे चाक सहज फिरतं. तो खांबावर उभा बसवला, वर विमान ठेवलं की झालं. त्यांनी हे बोटाने हवेत काढून दाखवलं. ड्रॉइंगपेक्षा ते स्पष्ट होतं.

समितीला मी फोनवर समजावलं. स्पीकर चालू होता. नीळकंठभाऊंनी विचारलं, "म्हणजे कधी मह्या घरावर, कधी दुसऱ्याच्या?"

"हो. वारा असेल तसं."

"त्यात कोणाची मर्जी नाही चालत?"

"नाही."

"मंग मी नाही म्हणत नाही."

दक्षिणेबद्दल गुरुजींनी म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, वाऱ्यानं केलं त ते देवानं केलं, माणसानं नाही. ही तांत्रिक मंजुरी समजून आम्ही कामाला लागलो.

शनिवारी सकाळी अंगणात छोट्या खांबावर चाचणी घेतली. उन्हाळी वारा चांगला होता. विमान हललं, थरथरलं, हळूहळू वळलं आणि स्थिर झालं. वाऱ्याकडे शेपूट करून.

हेमराजभाऊंनी कमरेवर हात ठेवले. "मॅडम, तुह्यं विमान रिव्हर्स जाऊन राहिलं."

कामगार हसले. मला हसायला आलं नाही. दुपारी चारला हायड्रा येणार होती. मी विमानाजवळ जाऊन बसले आणि खूप वेळ नुसती पाहत राहिले. चूक सोपी होती. इंजिनाचा भाग मी डिझेलच्या जुन्या ड्रमपासून केला होता, तो मोठा. शेपूट केलं होतं नाजूक, कारण फोटोत ते नाजूक दिसत होतं. वारा मोठ्या भागाला जास्त ढकलतो. जो भाग जास्त ढकलला जातो तो मागे जातो. म्हणजे तोंड पुढे हवं असेल तर शेपूट मोठं पाहिजे, आणि फिरण्याचा बिंदू पुढे सरकवला पाहिजे.

पण बिंदू पुढे सरकवला की विमान मागच्या बाजूला झुकणार. कावडीसारखं आहे ते. खांदा पुढे घेतला की मागचं मडकं खाली जातं. म्हणून नाकात वजन भरावं लागणार होतं.

मी हे सांगितलं. हेमराजभाऊ म्हणाले, "शेपूट तू कर."

तोपर्यंत मी वेल्डिंग फक्त भंगारावर केलं होतं. पत्रा पातळ होता. पातळ पत्र्यावर वेल्डिंगचा हात जरा थांबला की भोक पडतं. मला तीन पडली. तिसऱ्या वेळी हेमराजभाऊ मागून म्हणाले, "श्वास घे ना बाई, घुसमटून मरशीन." मी श्वास घेतला. पुढची शिवण सरळ नाही आली, पण धरली. ड्रमच्या नाकात आम्ही तुटलेली बेअरिंगं, नट आणि एक मोडका हातोडा भरला, विमान दोन्हीकडे सारखं तोलून राहीपर्यंत. तीन वाजता विमानाने वाऱ्याकडे तोंड केलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक कामगार चहा सांगायला गेला.

चारला आम्ही ते एकोडीच्या खांबावर चढवलं. या वेळी ऑपरेटरने कसंही ठेवलं.

रविवारी मंडप, खुर्च्या, सगळं होतं. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. पहाटेच्या शेवटच्या झुळुकेने विमान जिथे सोडलं होतं तिथेच ते उभं होतं, तोंड बरोबर दक्षिणेला. लोक आधी विमानाकडे पाहत आणि मग माझ्याकडे. मी हेमराजभाऊंच्या मागे उभी राहिले. ते बाजूला सरकले.

कौसल्याबाई गाडीतून काठी टेकत उतरल्या. लहानखुऱ्या, पांढरे केस बारीक कापलेले, पायात बूट. गुरुजी घाईने पुढे झाले. "बाई, हवा पडली हो. जरा वेळानं सुरू करू. लोकं काहीतरी बोलतीन."

"हवा पडली की आम्ही चहा घ्यायचो," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

चहा आला. सगळ्या चौकाने चहा घेतला. दुसऱ्या कपाच्या सुमाराला पश्चिमेकडून वारा सुटला. मंडपाची झालर उडाली. विमान कुरकुरलं, निघालं, जरा जास्त पुढे गेलं, परत आलं आणि पश्चिमेला तोंड करून थांबलं. शेपूट नीळकंठभाऊंच्या दारावर. सगळं गाव आता त्यांच्याकडे पाहत होतं.

"मी पाहून राहिलो," ते म्हणाले. "कार्यक्रम चालू द्या."

कौसल्याबाई मान वर करून विमानाकडे पाहत होत्या. कप तसाच हातात होता. भाचीने तो अलगद काढून घेतला, ते त्यांना कळलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पंख्याला चार पाती कशी?"

"कूलरचा पंखा आहे तो," मी म्हणाले. "तुमच्या विमानाला किती होती?"

"दोन."

"दोन काढू का?"

"राहू दे. चार असती तर जास्त चढलं असतं." मग त्यांनी विचारलं, "हे वेल्डिंग कोणी केलं?"

"शेपटीचं मी केलं. बाकी भाऊंनी."

"विमान शेपटीनेच वळतं," त्या म्हणाल्या. "तोंड नुसतं तिकडे जातं."

भाषणात त्यांनी हेच एक वाक्य मोठ्याने म्हटलं, मुलींना शिका म्हणून सांगितलं आणि खाली बसल्या. गुरुजींचं आभारप्रदर्शन त्याहून बरंच लांब झालं. ते त्यांनी कागदाशिवाय केलं.

इंटर्नशिप संपली. मी कॉलेजात परतले. रिपोर्टमध्ये "आलेली अडचण" या रकान्यात मी "दिशा" असं लिहिलं. सरांनी शेजारी लाल पेनने लिहिलं, सविस्तर लिहा. तेच हे लिहिते आहे.

जुलैमध्ये नीळकंठभाऊंचा फोन आला. नंबर त्यांना हेमराजभाऊंनी दिला होता, आनंदाने दिला असावा.

"पोरी, तुह्यं इमान अडकलं. वीस दिवस झाले, शेपूट मह्याच घरावर हाय."

मी घाबरले. बेअरिंगमध्ये पाणी गेलं असेल, ग्रीस धुऊन गेलं असेल. मी म्हणाले, "हाताने ढकलून पाहता का?"

"पाह्यलं. बांबूनं ढकललं. फिरते आणि परत येते."

म्हणजे अडकलं नव्हतं. मी कौसल्याबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात वारा पश्चिमेकडूनच येतो. बिघडलेलं काही नाही."

मी नीळकंठभाऊंना परत फोन लावला. सांगायचं कसं ते सुचेना, म्हणून सरळ सांगितलं. "भाऊ, पावसाळाभर असंच राहील. दिवाळीपर्यंत."

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"आणि दिवाळीनंतर?"

"हिवाळ्यात वारा ईशान्येकडून येतो. मग शेपूट ग्रामपंचायतीवर जाईल."

"किती दिवस?"

"तीन-चार महिने तरी."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी अजून शिकतेच आहे, त्यामुळे कोणाला सल्ला द्यावा इतकं मला कळत नाही. पण या कामात एवढं दिसलं. आपल्या दारावर शेपूट आलं तर माणूस ते सहन करतो. फक्त पुढची पाळी कोणाची आणि कधी, हे त्याला सांगता आलं पाहिजे.